विश्लेषण : क्रूझवरून हिमनदी पाहताना नेमके काय दिसते? अलास्काच्या ‘ग्लेशियर बे’मध्ये जहाजे न थांबता का फिरतात?

जहाज बंदराला लागत नाही, प्रवासी उतरत नाहीत, तरीही अलास्का क्रूझचा सर्वांत चर्चेतला दिवस हाच. बर्फाचा कडा कोसळताना पाहायला सगळे डेकवर गर्दी करतात. मात्र या खाडीची खरी गोष्ट त्या कड्यापर्यंत पोहोचण्याआधीच्या काही तासांत दडलेली आहे.

अलास्का क्रूझच्या सात दिवसांच्या वेळापत्रकात एक दिवस वेगळा असतो. त्या दिवसासमोर बंदराचे नाव नसते, उतरण्याची आणि परतण्याची वेळ नसते. तिथे फक्त ‘सीनिक क्रूझिंग’ असे लिहिलेले असते. परदेशी सहलींच्या जाहिरातींत निळ्या बर्फाच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या जहाजाचा जो फोटो दिसतो, तो बहुतेकदा याच दिवसाचा असतो. या दिवशी काय दाखवले जाते, बर्फ निळा का दिसतो, कडा का कोसळतो आणि हे सगळे हवामान बदलामुळे घडते आहे का, याचा आढावा.

‘सीनिक क्रूझिंग’चा दिवस कसा असतो?

अमेरिकेच्या अलास्का राज्याच्या आग्नेय भागात ‘ग्लेशियर बे’ ही खाडी आहे. तिच्याभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा थोडे कमी आहे. इथे मोठ्या क्रूझसाठी बंदर नाही. जहाज सकाळी खाडीच्या तोंडाशी येते. तिथे बार्टलेट कोव्ह या ठिकाणाहून एक छोटी बोट जहाजाला येऊन भिडते आणि राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर शिडीने वर चढतात. दिवसभर तेच ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात, डेकवर प्रश्नांची उत्तरे देतात आणि दुपारी परतीच्या वाटेवर तसेच उतरून जातात.

तोंडापासून वरच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे १०५ किलोमीटर आहे. वर पोहोचल्यावर जहाज ‘मार्जरी’ हिमनदीसमोर साधारण तासभर रेंगाळते आणि जागच्या जागी हळूहळू वळते. त्यामुळे डाव्या बाजूची केबिन घेतली की उजव्या बाजूची, या प्रश्नाला इथे फारसा अर्थ उरत नाही. कडा दोन्ही बाजूंना दिसतो.

ही खाडी किती जुनी आहे?

जहाज ज्या पाण्यातून जाते, ते पाणी तिथे येऊन पुरती तीनशे वर्षेही झालेली नाहीत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही संपूर्ण खाडी एकाच प्रचंड हिमनदीने भरलेली होती. काही ठिकाणी या बर्फाची जाडी हजार मीटरहून अधिक होती. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील बोटी इथे आल्या, तेव्हा त्यांना किनाऱ्यात जेमतेम आठ किलोमीटरचा खोलगट भाग आणि त्यापुढे बर्फाची भिंत दिसली. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर होडीने इथे पोहोचले, तोवर बर्फ ६० किलोमीटरहून अधिक मागे सरकला होता. १९१६ पर्यंत तो जवळपास आजच्या टोकापर्यंत गेला.

म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंतचा जहाजाचा मार्ग हा बर्फाच्या माघारीचा मार्ग आहे. जहाज जसजसे वर जाते, तसतसा प्रवासी अलीकडच्या काळात बर्फमुक्त झालेल्या जमिनीसमोर येतो.

वाटेतल्या डोंगरांकडे का पाहायचे?

बर्फ कधी गेला, हे झाडे सांगतात. खाडीच्या तोंडाशी स्प्रूस आणि हेमलॉकचे दाट जंगल आहे. तिथला बर्फ सर्वांत आधी गेला. थोडे वर गेल्यावर मोठी झाडे विरळ होतात आणि अल्डर, विलोची झुडपे दिसू लागतात. अल्डरच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणजे आपल्याकडे कडधान्यांची पिके जे काम करतात तेच. त्यातून पुढच्या मोठ्या झाडांसाठी माती तयार होते. आणखी वर शेवाळ आणि जमिनीलगत पसरणाऱ्या छोट्या वनस्पती, आणि हिमनदीजवळ तर नुसता खडक.

उजाड खडकावर जंगल कसे उभे राहते, हे सलग पाहता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कूपर यांनी १९१६ मध्ये इथे जमिनीचे छोटे चौकोन आखून त्यात काय उगवते, याच्या नोंदी सुरू केल्या. त्याच चौकोनांचा अभ्यास आजही होतो. या भागाला संरक्षण मिळावे यासाठी कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयत्न केले आणि १९२५ मध्ये ते मिळाले. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९८० चा, तर जागतिक वारसा यादीतील समावेश १९९२ चा आहे.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही. बर्फाचे ओझे उतरल्यामुळे इथली जमीन वर उचलली जात आहे. काही भागांत हा वेग वर्षाला सुमारे तीन सेंटीमीटर आहे. समुद्राची पातळी वाढण्याची चिंता जगभर असताना इथे जमीनच पाण्याबाहेर येते आहे.

बर्फ निळा आणि शेजारची हिमनदी काळी का?

मार्जरी हिमनदी सुमारे ३४ किलोमीटर लांब आहे. समुद्रात उतरते तिथे तिचा कडा जवळपास दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर सुमारे ७५ मीटर, म्हणजे २५ मजली इमारतीएवढा उंच आहे. पाण्याखाली आणखी सुमारे ३० मीटर बर्फ असतो. जहाजावरून ही उंची लक्षात येत नाही, कारण तुलनेसाठी आजूबाजूला घर, झाड, माणूस असे काहीच नसते. कड्यासमोर उडणारे ठिपके म्हणजे पूर्ण वाढीचे समुद्रपक्षी आहेत हे कळल्यावर आकाराचा अंदाज येतो.

डोंगरावर पडलेला बर्फ वर्षानुवर्षे दबत जातो. त्यातली हवा बाहेर पडते किंवा बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते आणि भुसभुशीत बर्फाचा घट्ट, स्फटिकासारखा बर्फ होतो. भुसभुशीत बर्फ सर्व रंगांचा प्रकाश परत फेकतो, म्हणून पांढरा दिसतो. घट्ट बर्फात प्रकाश खोलवर शिरतो, लाल भाग शोषला जातो आणि निळा बाहेर येतो. त्यामुळे कडा नुकताच जिथे तुटला असेल, तिथे सर्वांत गडद निळा दिसतो. काही दिवसांनी हवा आणि उन्हाने पृष्ठभाग भेगाळला की तो पुन्हा पांढरट होतो.

मार्जरीच्या शेजारीच ‘ग्रँड पॅसिफिक’ हिमनदी आहे. अनेकांना तो मातीचा ढिगारा वाटतो आणि ते कॅमेरा दुसरीकडे वळवतात. प्रत्यक्षात डोंगरांवरून पडलेले दगड आणि माती यांच्या थराखाली तिथे बर्फच आहे. एकेकाळी अख्खी खाडी भरून टाकणाऱ्या बर्फाचा हा उरलेला भाग आहे.

कडा का कोसळतो?

हिमनदी ही नावाप्रमाणे वाहणारी गोष्ट आहे. स्वतःच्या वजनाने बर्फ उताराकडे सरकत राहतो. मार्जरीचा बर्फ दिवसाला साधारण दीड-दोन मीटर पुढे येतो. गंगोत्री हिमनदी गोमुखापाशी जमिनीवर संपते, बर्फ वितळतो आणि भागीरथी वाहू लागते. मार्जरी मात्र थेट खाऱ्या पाण्यात संपते. तिथे भरती-ओहोटी कड्याला हलवत राहते, तुलनेने उबदार पाणी त्याला खालून पोखरते आणि भेगा पडलेला बर्फ तुटून पडतो. इंग्रजीत याला ‘काव्हिंग’ म्हणतात. गाय विते आणि वासरू वेगळे होते, त्यावरून आलेला हा शब्द.

स्थानिक ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात. जहाज कड्यापासून साधारण चारशे-साडेचारशे मीटर दूर असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून बर्फ पडताना आधी दिसतो आणि सव्वा सेकंदाने ऐकू येतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला बहुतेकदा फक्त उसळलेले पाणी पाहायला मिळते. फोन एका जागी स्थिर धरून व्हिडिओ सुरू ठेवणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

इतके अंतर ठेवण्यामागे सुरक्षेचे कारण आहे. मोठा भाग कोसळला की लाट उठते. शिवाय पाण्याखालचा बर्फ सुटला की तो अचानक उसळून वर येतो आणि तो कुठे वर येईल, हे आधी सांगता येत नाही.

कोसळणारा प्रत्येक तुकडा हवामान बदलाचा पुरावा आहे का?

नाही. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीचा कडा कोसळणे ही नेहमीची क्रिया आहे. मागून बर्फ येत असतो आणि पुढून तुटत असतो. जेवढा येतो तेवढाच तुटला, तर हिमनदी जागच्या जागी राहते. वाढत असलेल्या हिमनदीचाही कडा कोसळतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अलास्कातीलच ‘हबर्ड’ हिमनदी. सुमारे १२२ किलोमीटर लांबीची ही हिमनदी गेल्या शतकभरात पुढे सरकली आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फ्योर्डचे तोंड काही काळ बंद करून टाकले होते. अशा हिमनद्या आपल्यासमोर दगड-गाळाचा बांध ढकलत शतकानुशतके सावकाश पुढे जातात. हा बांध त्यांना खोल पाण्यापासून वाचवतो. एकदा का बर्फ बांधावरून मागे खोल पाण्यात सरकला की कडा भराभर तुटू लागतो आणि उथळ जागा मिळेपर्यंत माघार थांबत नाही. ग्लेशियर बेमधील मोठी माघार अशीच झाली. तिची सुरुवात ‘लघु हिमयुगा’च्या अखेरीच्या काळात, म्हणजे कोळसा आणि तेलाच्या धुराने तापमान वाढण्याच्या आधी झाली होती.

मग चिंता कसली? ती कड्यापेक्षा मागच्या डोंगरावर दिसते. बर्फ कुठे संपतो यापेक्षा तो किती जाड आहे, हे अधिक महत्त्वाचे. वर साठणारा बर्फ कमी आणि वितळणारा जास्त झाला की हिमनदी पातळ होते. उद्यानातील बहुतेक हिमनद्या आज पातळ होत आहेत. अनेक दशके स्थिर मानली जाणारी मार्जरीही अलीकडच्या काळात पातळ होऊन मागे सरकू लागली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात जगातील हिमनद्यांनी जेवढा बर्फ गमावला, त्यातील सुमारे एक चतुर्थांश एकट्या अलास्का विभागातील होता. उपग्रहांनी मोजलेली ही घट डेकवरून तासाभरात दिसत नाही.

जुन्या काळी पर्यटक कोणती हिमनदी पाहत?

आज जहाजे खाडीच्या पश्चिम फाट्यात जातात. दीडशे वर्षांपूर्वी ती पूर्व फाट्यात जात. ‘आयडाहो’ ही वाफेवर चालणारी बोट १८८३ मध्ये पर्यटकांना घेऊन म्यूर हिमनदीसमोर पोहोचली. त्या बोटीवर एलायझा सिडमोर या पत्रकार होत्या. त्यांच्या लेखनामुळे अलास्काची सहल अमेरिकेत लोकप्रिय झाली. त्या काळी प्रवासी किनाऱ्यावर उतरून बर्फावर चालतही असत.

सप्टेंबर १८९९ मध्ये या भागाला मोठा भूकंप झाला. म्यूरचा कडा इतका कोसळला की खाडी हिमनगांनी भरून गेली आणि पर्यटक बोटींना जवळ जाता येईना. पुढे हिमनदीच मागे मागे जात राहिली. एकाच जागेवरून १९४१ आणि २००४ मध्ये काढलेले तिचे दोन फोटो शालेय पुस्तकांपासून माहितीपटांपर्यंत सगळीकडे वापरले जातात. पहिल्यात बर्फाने भरलेले खोरे आहे, दुसऱ्यात निळे पाणी आणि हिरवे डोंगर. म्यूर हिमनदी आता समुद्रापर्यंत पोहोचत नाही. एका शतकात या सहलीचे मुख्य आकर्षण समुद्रावरून नाहीसे झाले आणि जहाजांनी दुसरा रस्ता धरला.

इथे आधी कोण राहत होते?

उद्यान व्हायच्या कितीतरी आधी ही हूना ट्लिंगिट लोकांची भूमी होती. बर्फ वाढत खाली आला, तेव्हा त्यांना गावे सोडून पळावे लागले. कुत्रा धावतो तशा वेगाने बर्फ आला, असे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या कथेत आहे. अठराव्या शतकात हिमनदी वेगाने पुढे आली होती, हे भूशास्त्रज्ञांना नंतर पुराव्यांतून दिसले. या खाडीचे ट्लिंगिट नावही ‘हिमनदीच्या जागी आलेली खाडी’ अशा अर्थाचे आहे.

बर्फ ओसरल्यावर हे लोक परतू लागले, पण १९२५ नंतर संरक्षणाचे नियम आले आणि शिकार, अंडी गोळा करणे यांवर बंधने आली. हा सल अनेक दशके राहिला. गल पक्ष्यांची अंडी मर्यादित प्रमाणात गोळा करण्याची परवानगी देणारा कायदा २०१४ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये बार्टलेट कोव्ह इथे त्यांचे पारंपरिक सभागृह उभे राहिले. क्रूझवर रेंजरसोबत अनेकदा या समाजाचे प्रतिनिधीही माहिती द्यायला येतात.

जहाजांवर कोणती बंधने आहेत?

सर्वांत महत्त्वाचे बंधन संख्येचे. दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझना खाडीत प्रवेश मिळतो. देवमाशांचा वावर असेल तिथे वेगमर्यादा १३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २४ किलोमीटर केली जाते. २००१ मध्ये ‘स्नो’ या नावाने ओळखली जाणारी गरोदर मादी देवमासा क्रूझच्या धडकेने मेली. त्या प्रकरणात जहाज कंपनीला साडेसात लाख डॉलर भरावे लागले. स्नोचा सांगाडा बार्टलेट कोव्ह इथे मांडून ठेवला आहे.

जॉन्स हॉपकिन्स हा फाटा ३१ ऑगस्टपर्यंत क्रूझसाठी बंद असतो. तिथल्या तरंगत्या बर्फावर सील माद्या पिले देतात. जहाज जवळ आले की त्या पाण्यात उड्या मारतात. थंड पाण्यात पिलांची ऊर्जा खर्च होते आणि आईपासून ताटातूट होण्याचाही धोका असतो. राष्ट्रीय उद्यान असल्याने ड्रोन उडवायलाही बंदी आहे.

धोका किती?

मोठा धोका बर्फापेक्षा दरडींचा आहे. बर्फाने शेकडो वर्षे धरून ठेवलेले उभे कडे, बर्फ गेल्यावर आधाराविना उरतात. याच उद्यानाच्या हद्दीतील लिटुया बे इथे १९५८ मध्ये भूकंपाने कडा खाडीत कोसळला आणि समोरच्या डोंगरावर पाणी ५२४ मीटर उंचीपर्यंत चढले. ही आजवरची सर्वाधिक नोंद मानली जाते.

१० ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे ट्रेसी आर्म या अरुंद फ्योर्डमध्ये साउथ सॉयर हिमनदीजवळ मोठी दरड कोसळली. समोरच्या कड्यावर पाणी शेकडो मीटर वर गेले. हा फ्योर्डही क्रूझच्या नेहमीच्या मार्गांपैकी एक होता. त्या वेळी आत जहाज नव्हते आणि जीवितहानी झाली नाही. दिवसा एखादे जहाज आत असते तर काय, या प्रश्नाने मात्र जहाज कंपन्या आणि शास्त्रज्ञ दोघांनाही विचार करायला लावले आहे.

भारतातून बुकिंग करताना काय तपासावे?

- जाहिरातीत फक्त ‘हिमनदी दर्शन’ लिहिले असेल तर ठिकाणाचे नाव विचारा. दिवसाला दोनच जहाजांची मर्यादा असल्याने सगळ्या क्रूझ ग्लेशियर बेमध्ये जात नाहीत. हबर्ड, एंडिकॉट आर्म, कॉलेज फ्योर्ड हे इतर पर्याय आहेत. ते कमी दर्जाचे नाहीत, पण वेगळे आहेत.
- हवामान किंवा तरंगता बर्फ पाहून कॅप्टन मार्ग बदलू शकतो. कडा कोसळेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.
- हंगाम मे ते सप्टेंबर. जूनच्या आसपास सीलची पिले दिसण्याची शक्यता असते. जॉन्स हॉपकिन्स फाटा सप्टेंबरमध्ये खुला होतो, पण तेव्हा पाऊस वाढलेला असतो.
- परदेशी झेंड्याच्या जहाजांना अमेरिकी कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. म्हणून व्हँकुव्हर किंवा व्हिक्टोरिया मार्गात येते आणि भारतीयांना बहुतेकदा अमेरिका आणि कॅनडा अशा दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. बुकिंगआधी याची खात्री करून घ्या.
- जुलैतही डेकवर हिमनदीवरून येणारा वारा बोचतो. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर कानटोपी, हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट हातातल्या बॅगेत ठेवा. दुर्बीण नेल्यास फोनच्या झूमपेक्षा जास्त दिसते.
- रेंजर जहाजावर चढतात तेव्हापासून डेकवर या. नाश्ता आटोपून थेट हिमनदीसमोर येणाऱ्याला सुंदर कडा दिसतो. सकाळपासून उभ्या असलेल्याला तो कडा तिथपर्यंत मागे कसा गेला, हेही दिसते.